इतिहासाचं सहावं प्रकरण

“सहाव्या प्रकरणावर तुमची सही हवी, सर,” ती म्हणाली आणि तिनं चार पानं टेबलावर ठेवली.

उपप्राचार्यांनी चष्मा पुसला. कॉलेजच्या रेडिओ केंद्राला पस्तीस वर्षं होत होती आणि केंद्राचा इतिहास छापायला जायचा होता. केंद्र पहिल्यापासून विद्यार्थ्यांचं होतं. म्हणजे काम विद्यार्थी करायचे आणि सह्या मोठी माणसं करायची. इतिहास लिहीत होती ही मुलगी, केंद्राची सचिव. इतिहास समितीचे अध्यक्ष होते उपप्राचार्य. ते साहजिकच होतं. विद्यार्थी असताना ते या केंद्राचे निवेदक होते, आणि कॉलेज त्यांना अजून ‘आवाज सर’ म्हणायचं.

पहिली पाच प्रकरणं त्यांनी न वाचता मंजूर केली होती. त्यांत भांडण होण्यासारखं काही नव्हतं. केंद्र एका मोडक्या ट्रान्समीटरवर सुरू झालं. कार्यक्रम कॅन्टीनपर्यंत ऐकू यायचे, हवा चांगली असली तर वसतिगृहापर्यंत. सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रम चिठ्ठ्यांचा. मुलं ग्रंथालयाबाहेरच्या पेटीत चिठ्ठ्या टाकायची, शिपाई त्या गोळा करून स्टुडिओच्या खिडकीतून आत द्यायचा, आणि निवेदक “चिठ्ठी आली आहे” म्हणून एकेक वाचायचा. हरवलेली छत्री, सापडलेला डबा, रुसलेली मैत्रीण. नियम एकच : चिठ्ठी कुणाची ते विचारायचं नाही, आणि आहे तशी वाचायची. नोटीस बोर्डावर कॉलेजात कुणाचाच विश्वास नव्हता. चिठ्ठीवर सगळ्यांचा होता.

सहावं प्रकरण संपाच्या दिवसाचं. मुलांनी कॉलेज ताब्यात घेतलं होतं, पोलीस पुढच्या दारानं आत शिरले होते, आणि रेडिओवर एकोणीस वर्षांचा निवेदक म्हणाला होता, “चिठ्ठी आली आहे. मागचं फाटक उघडं आहे. सगळ्यांनी तिकडून बाहेर पडा.” सगळे पडले. फाटकाबाहेरच्या बोळात पोलीस बंदुका घेऊन उभे होते. सात मुलं गेली.

चौकशी समितीनं निवेदकाला निर्दोष ठरवलं, कारण त्यानं नियमाप्रमाणे वाचलं होतं. शिपायाला कामावरून काढलं, कारण कुणाला तरी काढायला हवं होतं. चिठ्ठी कुणी लिहिली ते कळलं नाही. शिपाई निरक्षर असल्यानं त्याला काही सांगता आलं नाही, असं अहवालात होतं.

“हे नवीन काय घातलंस?” उपप्राचार्यांनी तिसऱ्या पानावर बोट ठेवलं.

“ते निरक्षर नव्हते, सर. सातवी पास होते. रोज पेपर वाचायचे, अग्रलेखासकट.”

“तुला कसं माहीत?”

“माझे बाबा होते ते.”

उपप्राचार्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता. तरी त्यांनी तो सावकाश संपवला.

“दोन वर्षांपूर्वी गेले,” ती म्हणाली. “कुठंही राहायला गेलो तरी महिन्याभरात लोकांना कळायचं. ‘चिठ्ठीवाला’ म्हणायचे त्यांना. मी लहानपणापासून विचारायचे, बाबा, कुणाची होती हो चिठ्ठी? नुसते हसायचे. म्हणायचे, ‘तू जेव बघू आधी.’ वाचता येत असून समितीपुढे खोटं बोलले. म्हणजे कुणाचं तरी नाव लपवलं ना त्यांनी? सात मुलं गेली, सर. आईलासुद्धा दाखवलं नाही मी हे पान. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. तुम्ही होतात आत. तुम्हाला काही वेगळं आठवत असेल तर सांगा. सगळं काढते. एक शब्द ठेवत नाही.”

त्यांनी पान वाचलं. ‘शिपायाला चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव माहीत होतं. ते त्यानं मरेपर्यंत दडवलं. सात मृत्यूंत, त्याचाही वाटा आहे.’ मुलीनं स्वच्छ लिहिलं होतं. एक स्वल्पविराम तेवढा जास्तीचा होता. तो त्यांनी लाल शाईनं काढला.

“सर?”

“कठीण असतं, बाळ,” ते म्हणाले. आवाज अजूनही खणखणीत होता. “पण इतिहासात नात्यागोत्याचं बघून चालत नाही. धीराची आहेस.”

आणि त्यांनी सही केली.

ती “थँक्यू, सर” म्हणाली. जाताना दार हळूच ओढून घेतलं. घरचं वळण चांगलं होतं.

उपप्राचार्य बसून राहिले. चिठ्ठी आलीच नव्हती. अश्रुधुरामुळे त्या दिवशी स्टुडिओची खिडकी सकाळपासून घट्ट बंद होती. काचेतून त्यांना मागचं फाटक उघडं दिसलं, तिथं कुणी पोलीस दिसला नाही, आणि मुलं वाचावीत म्हणून त्यांनी माइक पुढे ओढला. एकोणीस वर्षांच्या पोराचं कोण ऐकणार, म्हणून आधी ‘चिठ्ठी आली आहे’ म्हणाले. समितीपुढेही तेच म्हणाले. मग समितीनं शिपायाला विचारलं, चिठ्ठी तू आणलीस का. शिपायानं समोर थरथरत बसलेल्या पोराकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, “हो साहेब, मीच आणली. मला वाचता येत नाही.”