दंडावरची गाठ

शिंपीण धावत आत शिरली तेव्हा मिस्त्री लाकडाच्या भुशात उताणे पडले होते आणि उजव्या कोपराच्या आतून रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या. अंगाखालचा भुसा लाल चिखल झाला होता. शेजारी लाकूड कोरायची पटाशी पडली होती, मुठीपर्यंत माखलेली.

“ताई, पटाशी सटकली,” ते पुटपुटले.

सटकलेली पटाशी फार तर तळहात फाडते. कोपराच्या आत एवढी खोल कशी जाईल? पण चौकशी करायची ही वेळ नव्हती.

तिचं दुकान भिंतीपलीकडेच. दोघांमधून विस्तव जात नसे. त्यांचा भुसा तिच्या नव्या कापडांवर उडायचा. मागच्याच आठवड्यात ती भर रस्त्यात कडाडली होती, “एक दिवस हातच तोडते तुमचे!” सगळी गल्ली पोट धरून हसली होती.

आता त्याच हातावर ती दोन्ही तळवे रोवून बसली. बोटांच्या फटींतून रक्त उसळतच राहिलं. दाबून भागणार नव्हतं. कमरेला खोचलेल्या कात्रीने तिने त्यांची बाही टराटरा कापली, स्वतःच्या खांद्यावरची जाड अस्तराची पट्टी जखमेच्या चार बोटं वर, दंडावर गुंडाळली आणि गाठ मारली. कपड्यांच्या कारखान्यात कामाला असताना तिला दोन दिवस प्रथमोपचार शिकवले होते. गाठीत काठी अडकवायची आणि रक्त थांबेपर्यंत पिळायचं, माणूस कितीही ओरडला तरी.

काठी कुठे शोधणार? हाताशी लागली ती पटाशीच तिने गाठीत खुपसली, वर दुसरी गाठ आवळली आणि पिळलं.

मिस्त्री गुरासारखे ओरडले. “सोड! मारतेस का मला! सोड, बाई!”

त्यांची डावी मूठ तिच्या डोळ्याखाली बसली. दुसरा ठोसा ओठावर. तोंडात खारट चव आली. तिने गुडघा त्यांच्या छातीवर रोवला आणि आणखी एक पीळ दिला. मांस पट्टीखाली चेंगरत होतं, ते तिच्या बोटांना कळत होतं. आणखी एक पीळ. मग तोटी बंद करावी तसं रक्त थांबलं.

दारात समोरचा इस्त्रीवाला उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाई, काय चालवलंय हे?”

“बघत काय उभे राहिलात? गाडी बोलवा!”

तो वळून वळून मागे बघत पळाला.

तिने पटाशी पट्टीनेच बांधून टाकली आणि खिशातल्या खडूने मिस्त्रींच्या सदऱ्यावर वेळ लिहिली. चार वाजून दहा.

“सैल करा हो थोडं,” ते कण्हत म्हणाले.

“अजिबात नाही. शिव्या द्या, पण झोपू नका.”

त्यांचे दात वाजत होते. मग अगदी हळू आवाज आला. “तो गेला का?”

“कोण तो?”

“कोणी नाही. तुम्ही कोणाला पाहिलंत का इथे?”

“कुणालाच नाही. किंकाळी ऐकली आणि आले.”

“म्हणजे तुम्ही एकट्याच.”

“एकटीच. का?”

“बरं झालं,” म्हणत त्यांनी डोळे मिटले. जीव वाचवायला आपण आलो म्हणून म्हणताहेत, असं तिला वाटलं, आणि इतक्या वर्षांची भांडणं डोळ्यांतून वाहून गेली.

तिसऱ्या दिवशी फौजदारांचा निरोप आला, दवाखान्यात या. जबाब द्यायचा असेल. जाताना तिने मिस्त्रींचा एक सदरा शिवून सोबत घेतला. उजवी बाही मुद्दाम सैल ठेवली होती, पट्टीवरून चढावी म्हणून. तिचा ओठ अजून सुजलेला होता.

खोलीच्या दारातच डॉक्टर भेटले. “तुम्हीच का त्या? दहा मिनिटं उशीर झाला असता तर माणूस गेला होता. हातही वाचलाय. बोटं हलवतात आता.”

ती लाजली. आत पलंगाशी मिस्त्रींचा मुलगा उभा होता, खाली मान घालून, घामाने डबडबलेला. त्याच्या मनगटावर नखांचे खपली धरलेले ओरखडे होते. मागे भिंतीला टेकून सून उभी, आठवा महिना भरत आलेली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

“मिस्त्री,” फौजदार म्हणाले, “पटाशी सटकली हे मला पटत नाही. डॉक्टरही म्हणतात, हा वार आहे. शेवटचं विचारतो. कोणी केला?”

मुलाने पलंगाची कड घट्ट धरली.

मिस्त्रींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. एकदा सुनेच्या पोटाकडे. शिंपिणीकडे मात्र पाहिलं नाही. पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला उजवा हात त्यांनी कष्टाने उचलला, बोट हळूहळू वळवलं आणि शिंपिणीवर रोखलं.

“हिने.”