सात पावलं मागं

वाघ पायवाटेवर आला तेव्हा गोविंदराव पुढं होते. महिपतराव दोन पावलं मागं. साहेबाच्या पुढं चालायची त्यांना सवयच नव्हती.

गोविंदराव नव्या सरकारचे तरुण अधिकारी. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, शिकारीचं रान सगळ्यांना पाहायला खुलं झालं. राजवाड्यातून इथं रानाच्या राखणीला आलेल्यांपैकी कोण राहणार नि कोण घरी जाणार, त्याचा कागद आज गोविंदरावांच्या खिशात होता. सकाळपासून महिपतरावांचं लक्ष झाडीकडं कमी नि त्या खिशाकडंच जास्त.

वाघ थांबला. तीसेक हातांवर. गोविंदराव गर्रकन वळले, पळायलाच.

महिपतरावांनी त्यांचं मनगट धरलं. "पाठ दाखवायची नाही."

"अहो, वो देख रहा है!"

"बघू दे. तुम्हीपण बघा. तोंड त्याच्याकडं. आता मागं सरा. हळू... अजून एक. दरबारातनं निघाल्यासारखं."

"कुठला दरबार?"

"बोलू नका."

उलट्या पावलांनी दोघं वळणापर्यंत आले. वाघानं जांभई दिली नि झाडीत शिरला.

नाक्यावर गोविंदराव जीपमध्ये बसले. महिपतराव खालीच, जीपकडं तोंड करून उभे राहिले. ड्रायव्हर दौलतसिंहानं पाणी दिलं.

"हे कुठं शिकलात, महिपतराव?"

"राजवाड्यात. चोपदार होतो. मुजरा करायचा, सात पावलं मागं, मग दार. तीस वर्षांत सरकारांना माझी पाठ दिसली नाही. तिथं मान खाली, इथं वर. फरक तेवढाच."

गोविंदराव हसले. "कोट तेव्हाचाच ना? अजून नवा दिसतोय."

"आमच्या मंडळींचा शिवणाचा हात," महिपतराव लाजून म्हणाले.

हसू विरलं. गोविंदरावांनी खिशातला कागद काढला नि बराच वेळ हातातच धरला.

"काका..."

'काका' ऐकलं नि महिपतरावांना पुढचं ऐकायची गरज उरली नाही.

"ऊपर से आया है, काका. मी फक्त आणलाय."

महिपतरावांनी कागद कपाळाला लावला, घडी करून खिशात घातला. मुजऱ्याला हात गेला. सवयीनं एक पाऊल मागं पडलं. दुसरं पडलं. तिसरं उचललं, आणि त्यांनी ते होतं तिथंच खाली ठेवलं.

मग ते वळले नि घराकडं, हजीऱ्याच्या रस्त्याला लागले.

जीपमधले दोघं पाहत राहिले. बाह्या, खिसे, कॉलर सगळं नीट राहावं म्हणून कोटाच्या पाठीचं कापड वर्षानुवर्षं कापून तिकडं लावलं गेलं होतं. मागं नुसती ठिगळं: गादीच्या खोळीचं, लुगड्याचं, एक तर पोत्याचं. पाठ कोण बघणार आहे, असं मंडळी म्हणायच्या.

वाऱ्यानं त्यातलं एक उसवून फडफडू लागलं. महिपतरावांना ते कळलं. त्यांनी हात मागं नेला नाही.