आधी वरच्याला विचारा

फैजनं दार असं ढकललं की ते भिंतीवर जाऊन आपटलं. आत सदानंद सर इथला तो दाट दुधाचा करक चहा पीत बसले होते.

"सर, मी कुठं जायचा नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सरांनी कप खाली ठेवला. दुबईतल्या त्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे ते हेड कोच, आणि फैज त्यांचा असिस्टंट. सराव फैजनं घ्यायचा, पोरांची भांडणं फैजनं मिटवायची, भर उन्हात गोलपोस्टच्या जाळ्या फैजनं बांधायच्या. आणि करंडक आला की फोटोत मधोमध सर. फैजनं याचं कधी वाईट वाटून घेतलं नव्हतं. आपल्याला बाहेरून कुणी बोलवत नाही, त्याअर्थी आपल्यातच काही कमी असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. रत्नागिरीहून आई फोनवर विचारायची, "मोठा कोच कधी होणार रे तू?" तो "इन्शाल्ला" म्हणायचा आणि विषय बदलायचा.

आज कळलं, कमी काहीच नव्हतं.

सांगितलं ते कुशलनं. कुशल गोलकीपरांचा कोच, पुण्याचा, मनानं सरळ. त्याची बायको अस्मिता आणि छोटी मुलगी अबुधाबीत, अल रीम आयलंडवर. हा इथं दुबईत एका खोलीत. घरी जायचा तो फक्त सुट्टीला. सकाळी त्यानं सरांचं फोनवरचं बोलणं ऐकलं आणि दुपारी न राहवून फैजला बाजूला घेतलं. "फैजभाई, रुवैसच्या कॉलेजला हेड कोच हवाय. त्यांनी तुमचं नाव घेतलं होतं. सरांनी परस्पर नाही सांगून टाकलं."

फैजनं तिथूनच रुवैसला फोन लावला. तिथले स्पोर्ट्स इन्चार्ज मुश्ताकभाई, मूळचे श्रीवर्धनचे. ते चकितच झाले. "अरे, मागच्या सीझनला पण विचारलं होतं मी. तुझे सर म्हणाले, त्याची फॅमिली इथं सेटल आहे, तो कुठं जायचा नाही."

इथली रीतच तशी आहे. दुसऱ्याकडचा माणूस हवा असेल तर आधी त्याच्या वरच्याला फोन करायचा. सक्ती कुणाची नाही, पण जो तो पाळतो. उद्या त्याच मैदानावर तोंडं बघायची असतात. वरच्यानं हो म्हटलं तर माणसापर्यंत बातमी जाते. नाही म्हटलं तर आपल्याला कुणी विचारलं होतं, हेसुद्धा त्या बिचाऱ्याला कळत नाही.

"तुला कोण म्हणालं?" सरांनी विचारलं.

"ते सोडा. विचारलं होतं की नाही?"

"हे बघ, तुझ्या बायकोचा जॉब शारजात, पोरांची शाळा इथं. रुवैस म्हणजे पार वाळवंटाच्या टोकाला. तुझ्या डोक्याला टेन्शन कशाला, म्हणून मीच मिटवलं." सरांचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. "अरे, आपलाच मुलगा आहेस तू. घरच्या माणसाला काय विचारायचं?"

फैजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांनी चार शिव्या हासडल्या असत्या तरी परवडलं असतं. हे केसानं गळा कापणं होतं, आणि वर माया दाखवणं. घरचा मुलगा म्हणे! घरच्या मुलाच्या ताटातला घास कुणी असा काढून घेतं?

"हो म्हणायचं की नाही, ते मी ठरवलं असतं, सर. नशीब माझं होतं."

फैजनं गळ्यातली शिटी काढून त्यांच्या टेबलावर आदळली.

"खलास. मी रुवैसला चाललो."

पार्किंगमध्ये येऊन तो गाडीत बसला. तसाच दात-ओठ खात त्यानं मुश्ताकभाईंना फोन लावला. "मी येतो. फक्त एक कंडिशन आहे. असिस्टंट माझ्या पसंतीचा पाहिजे."

"बिलकुल, हबीबी. हेड कोच तू, टीम तुझी." मुश्ताकभाई खूश झाले. "बरं, आणखी एक काम होतं. आमच्या अबुधाबीच्या कॉलेजलाही हेड कोच हवाय. तुमच्याकडचा तो कुशल, गोलकीपरवाला. त्याचं नाव चाललंय. तुझ्या सरांना आता फोन करण्यात अर्थ नाही, आणि तुझ्याच हाताखालचा ना तो? म्हणून आधी तुला विचारतो."

समोर मैदानावर कुशल बॉल गोळा करत होता. फैज गाडीत दिसताच त्यानं अंगठा वर करून विचारलं, झालं का काम? फैजनं होकारार्थी मान हलवली. कुशलचा चेहरा खुलला.

अबुधाबीचं ते कॉलेज अल रीमच्या अगदी जवळ होतं, हे फैजला ठाऊक होतं. तिथं लागला तर कुशल रोज लेकीला शाळेत सोडू शकला असता. पण रुवैसला मैदान नवं, पोरं नवी. पहिल्याच सीझनला हरलो तर लोक हसतील, आणि सगळ्यांत आधी सर हसतील. कुशलशिवाय आपलं पान हलायचं नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

"मुश्ताकभाई, त्याची मुलगी लहान आहे. हेड कोचचं टेन्शन त्याला इतक्यात झेपायचं नाही." फैजचा आवाज एकदम मऊ झाला होता. "तो माझ्याबरोबर रुवैसला येतोय."

"असं? तरी एकदा त्याच्याशी बोलून घेऊ का?"

फैजनं काच खाली केली आणि हसून कुशलला हात केला.

"छे हो. आपलाच मुलगा आहे. घरच्या माणसाला काय विचारायचं?"