झील

केनवडचा गायक देवमन वारला, अन् त्याचा आवाज एका कॅसेटवर तेवढा उरला. त्यातलं गाणं त्यानं पेटी वाजवत एकट्यानंच टेपात भरलेलं. जन्मभर त्याच्या प्रत्येक ओळीमागं सूर ओढून झील धरणारी बायको भागिरथा तेव्हा तापानं पडली होती. “झीलबिगर गाणं बोडकं वाटते, अंजना,” ती नणंदेला म्हणाली. टेपरेकॉर्डरच्या एका बटणानं गाणं वाजे, लाल बटणानं आवाज भरे. दोघांचं गाणं म्हणून तिनं दोन्ही दाबली. भरताना मशीन मुकाट ऐकते, हे तिनं पाहिलं होतं. त्याची ओळ मनातल्या मनात सरली, की ती झील ओढायची. “वहिनी, दादा काहून गप हाय? तुले लाजते काय?” अंजना खिदळली. गाणं संपल्यावर भागिरथेनं कॅसेट मागं फिरवून लावली. झील वेळेवर आली. देवमनच्या ओळींच्या जागी नुसती खरखर. मग टेपमधून अंजना खिदळली: “वहिनी, दादा काहून गप हाय?”