निळी जोडी

"भांडकुदळ नकोत हं नागोजी," सुहासनं पुन्हा बजावलं. "टँक दोनच फुटांचा आहे. रंग भरपूर हवेत, पण शांतताही हवी."

मल्लेश्वरममधल्या नागोजीच्या त्या अरुंद, माशांच्या दुकानात दोन्ही भिंतींना काचेच्या पेट्या लावलेल्या होत्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केबल टीव्ही घेतला, म्हणून सुहासनं फिशटँक घेतला होता. आता त्यात काय सोडायचं यावर तो असा खल करत होता, जणू कारखान्याचं टेंडर काढायचंय. त्याची बायको सुचेता मागे उभी होती. दुकानात शिरल्या शिरल्या तिच्या सासूबाईंनी, अंबूबाईंनी, मल्हारला तिच्याकडून मागून घेतलं होतं. पाच महिन्यांचं ते पोर आजीच्या खांद्यावर लाळ गाळत होतं.

"मोठे सिक्लिड मासे म्हणजे गल्लीतले दादा, सार," नागोजी म्हणाला. त्याच्या घराण्याचं मराठी पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहून कन्नडात मुरलं होतं. "हे लहान जातीचे. स्वभावानं गरीब. हे बघा क्रिब, मादीचं पोट जांभळं. आणि हे रॅम. अंगावर निळी चमक, डोळ्यावरनं काळी रेघ. पण सार, एकच जोडी न्या. दोन फुटांत दोन जोड्या म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन चुली."

"आमच्या घरी चूल एकच आहे हो," अंबूबाई म्हणाल्या. "म्हणून तर माझं नि सुचेताचं जमतं."

सगळे हसले. सुचेताही हसली, पण तिचं लक्ष सासूबाईंच्या हातांकडे होतं. सोमवारी तिची रजा संपत होती. मल्हारला दिवसभर आजीच सांभाळणार, हे तो जन्मायच्या आधीपासून ठरलेलं. अंबूबाईंनी तर पाळणाघराचा विषयच घरात काढू दिला नव्हता. आणि परवा दुधाच्या बाटलीत मुंगी तरंगत होती. बाटली अंबूबाईंनी भरली होती. सुचेतानं नवऱ्याला दाखवली तर तो म्हणाला, "मुंगी खाल्ली की डोळे सुधारतात." ती चिडली, आणि मग आपणच संशयी आहोत असं वाटून गप्प बसली. घरात तर अंबूबाईंचं कुठे काही अडत नव्हतं. फोडणीसुद्धा करपत नव्हती.

"क्रिब कणखर असतात ना?" सुहास विचारत होता. "पण रॅमचा रंग... सुचेता, तू सांग."

"दोन्ही चांगले आहेत."

"हे काय उत्तर झालं?"

नागोजीनं असली गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली होती. त्यानं गुपचूप जाळी घातली, पेटीतली रॅमची एकुलती एक जोडी काढली, पिशवीत पाण्यात सोडली आणि ती ट्यूबलाइटखाली सुहासच्या डोळ्यांसमोर धरली. "आता बघा सार. स्वल्प उजेड पाहिजे, मग रंग कळतो."

"वा!" सुहास हरखला. मान न वळवताच त्यानं विचारलं, "आई, रॅम कसे वाटतात गं तुला?"

अंबूबाई रॅमच्या पेटीपाशीच होत्या. त्या काचेशी वाकल्या आणि मल्हारचं तोंड त्यांनी काचेकडे वळवलं.

"बघ रे राजा, कसे सुळसुळ फिरतायत! निळे निळे. आणि डोळ्यावर काळी रेघ. हेच घे सुहास. माझ्या मनात भरले."

पेटीत अर्धी करवंटी होती आणि हवेचे बुडबुडे होते. दुसरं काहीही नव्हतं.

नागोजीनं तोंड उघडलं. सुचेतानं नको म्हणून मान हलवली, तसं त्यानं ते मिटलं. सुहासला यातलं काही कळलं नाही. "आईनं पसंत केले, म्हणजे झालं," म्हणत तो नागोजीमागे गल्ल्याकडे गेला.

सुचेताला आधी भीती वाटली. मग राग आला, इतका, की मल्हारला हिसकावून घ्यावंसं वाटलं. अंबूबाई अजून वाकलेल्याच होत्या, रिकाम्या पेटीकडे बघून कौतुकानं हसत. ते हसू पाहिलं, आणि ती त्यांच्या शेजारी जाऊन वाकली.

"आई," ती हळूच म्हणाली, "मासे पिशवीत आहेत."

अंबूबाईंचा हात काचेवर तसाच राहिला.

"कधीपासून?" सुचेतानं विचारलं.

"दिवाळीपासून सगळं धुरकट झालंय." मग त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "सांगितलं असतं, तर ह्याला माझ्याकडे ठेवून गेली असतीस?"

मल्हारनं आजीच्या मंगळसूत्राचे मणी तोंडात घातले. ते त्यांनी काढले नाहीत.

"चला, चला!" सुहास पिशवी मिरवत दारातून ओरडला. "ऑटो थांबवलाय. मासे गरम होतील!" आणि तो खाली उतरलासुद्धा.

अंबूबाई भिंतीच्या कडेकडेनं दारापर्यंत आल्या. बाहेरच्या उन्हात त्यांनी डोळे बारीक केले. मग नातवाच्या टाळूवर नाक टेकून त्यांनी एक लांब श्वास घेतला, आणि सुचेता जिथे असेल असं वाटलं तिकडे त्याला पुढे केलं.

"धर गं ह्याला. खाली पायऱ्या आहेत, नाही का?"