बारावा सुरुंग

खाणीत बारा सुरुंग पेरले होते, आवाज मात्र अकराच झाले. सुरुंग उडवणारे बाबा नियमाप्रमाणे अर्धा तास थांबले आणि न फुटलेल्या सुरुंगाकडे चालत गेले. स्फोट करायच्या मशीनपाशी त्यांची लेक राखणीला बसली. मुकादम कुरकुरला, "म्हातारं मशीन! बटण तरी दाबलं जातंय का बघू?" "दाबा की," लेक हसली. "चावीशिवाय ते हूं की चूं करणार नाही, आणि चावी बाबांच्या खिशात असते. चाळीस वर्षांचा नेम आहे त्यांचा." मुकादमाने बोट पुढे केलं. तेवढ्यात तिची नजर मशीनकडे गेली. चावी मशीनलाच होती! तिने ती हिसकून मुठीत आवळली. बाबा परतले तरी तिची मूठ उघडेना. "वायर जोडली. सरका, उडवतो," म्हणत त्यांनी रुबाबात खिशातून घरच्या कुलपाची चावी काढली आणि मशीनला लावली.