तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट

जबलपुरात घरांचे भाव महिन्यागणिक चढत होते. पद्मजा आणि तिचा नवरा देवदत्त वर्षभर वणवण करून थकले होते. शहरातल्या रांझी भागातला हा नवाकोरा फ्लॅट मात्र चक्क स्वस्तात मिळत होता.

"दीदी, यहाँ अब तक कोई रहा नहीं," कुलूप उघडत दलाल म्हणाला.

भर दुपार होती. खोल्यांत अजून सिमेंटचा वास होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या बंद दाराआडून एका बाईचा आवाज आला, "आलात? आज काहून उशीर केला?"

दलालाच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. पद्मजा घाबरून नवऱ्याकडे वळली.

देवदत्त बाहेरच्या दाराशी वाकून निवांत बूट काढत होता.

"बस नाही मिळाली गं," तो त्या बंद दाराकडे पाहून म्हणाला, "चहा ठेव, येऊन राहिलो."